दर तिसऱ्या कॅसेटला पडद्यावर मुंग्या: गोव्यात जुना व्हीसीआर घेताना आणि घेतल्यावर

माझ्या घरी चार वर्षांत तीन व्हीसीआर आले आणि तिन्ही अगदी एकाच पद्धतीने गेले. आणला त्या दिवशी चित्र स्वच्छ. दुसरी कॅसेट लावली तेव्हाही ठीक. तिसरी लावून दहा-बारा मिनिटं होतात न होतात तोच पडद्यावर मुंग्या, आणि त्यानंतर कुठलीही कॅसेट घाला, मुंग्याच. दर वेळी मी विकणाऱ्याला बोल लावला, मशीन कोपऱ्यात ठेवलं आणि दुसरं शोधायला निघाले. पहिलं म्हापशात जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलं, दुसरं मडगावात घर रिकामं करणाऱ्या एका कुटुंबाकडून, तिसरं लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका फोटोग्राफरकडून. तीन वेगळ्या कंपन्या, तीन वेगळी घरं, आणि दुखणं मात्र एकच. एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. ज्यांच्या घरी असंच चाललंय त्यांचे पैसे आणि कॅसेटी वाचाव्यात म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे एकतीस कॅसेटी आहेत. बाबा फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या नाट्यमंडळात तीस वर्षं काम करायचे. जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मांडवात नाटक व्हायचं, गावातलाच कुणीतरी कॅमेरा लावायचा, आणि मग त्याची एक कॉपी आमच्याकडे यायची. त्या रेकॉर्डिंगमधली निम्मी माणसं आज नाहीत. ती नाटकं दुसरीकडे कुठे मिळायचीही नाहीत. म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी रोग ओळखा

दुसऱ्या मशीनच्या वेळची गोष्ट. पडदा मुंग्यांनी भरला होता आणि मी वैतागून बंद करायला गेले, तर खुर्चीत बसलेले बाबा म्हणाले, "राहू दे ना, आवाज तर माझा स्पष्ट येतोय." खरंच येत होता. मी तेव्हा फक्त त्यांना ऐकायचंय म्हणून चालू ठेवलं. पुढे वर्षभराने एका निवृत्त रेडिओ-टीव्ही मेकॅनिककडे तिसरं मशीन घेऊन गेले आणि हीच गोष्ट सहज सांगितली, तेव्हा त्यांनी मशीनचं झाकण उघडायच्या आधीच निदान केलं. झाकण उघडून ड्रमकडे पाहिलं आणि म्हणाले, "मशीन बरी आसा गो. दुयेंत आसा ती कॅसेट." म्हणजे मशीन ठीक आहे, आजारी आहे ती कॅसेट.

कारण असं आहे. व्हीएचएसमध्ये, म्हणजे घरोघरी असायच्या त्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटच्या पद्धतीत, चित्र आणि साधा आवाज टेपवर दोन वेगळ्या ठिकाणी असतात आणि दोन वेगळे हेड ते वाचतात. आवाजाचा हेड जागेवर स्थिर असतो, टेप त्याला घासून पुढे जाते. चित्राचे हेड मात्र ६२ मिलिमीटर व्यासाच्या चकाकत्या ड्रमवर बसवलेले असतात आणि तो ड्रम आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो. टेपवर चित्राच्या तिरप्या रेघा असतात. नेहमीच्या वेगात प्रत्येक रेघ ४९ मायक्रॉन रुंद, आणि ती वाचणाऱ्या हेडची फट तर एका मायक्रॉनहूनही बारीक. टेपवरून सुटलेला कण त्या फटीवर चिकटला की चित्र गेलं. आवाजाच्या हेडची फट त्या मानाने मोठी आणि काम सोपं, त्यामुळे तो बोलतच राहतो.

तेव्हा मुंग्या दिसत असतील आणि आवाज खणखणीत असेल, तर शंभरातल्या नव्वद वेळा ड्रमवरचे हेड घाण झालेत असं समजा. दोनपैकी एकच हेड चोंदला असेल तर चित्र अर्धवट दिसतं, त्यावर सतत फडफड होते. दोन्ही चोंदले तर नुसत्या मुंग्या. याउलट चित्र बरं असून आवाज लहरत असेल, गाणं ओढल्यासारखं येत असेल, तर दोष टेप ओढणाऱ्या भागात, म्हणजे कॅप्स्टन नावाचा फिरता दांडा आणि त्यावर दाबून बसणाऱ्या रबरी रोलरमध्ये आहे. चित्रात आडवा पट्टा वरखाली सरकत असेल तर आधी ट्रॅकिंगचं बटण फिरवून बघा. त्याने गेला नाही तर टेपला दिशा देणारे गाइड हलले असण्याची शक्यता आहे. कॅसेट आत जाऊन दोन-चार सेकंदांत मशीन आपणहून बंद होत असेल किंवा कॅसेट बाहेर टाकत असेल, तर रीळ फिरत नाहीये हे मशीनला कळलंय. बहुतेक वेळा पट्टा किंवा रीळ फिरवणारी रबरी चकती ढिली झालेली असते. ही किरकोळ दुरुस्ती आहे, तेवढ्यासाठी मशीन टाकू नका.

हाय-फाय, म्हणजे जास्त चांगला आवाज देणारं, मशीन असेल तर वरच्या नियमात थोडा फरक पडतो, कारण हाय-फाय आवाजाचे हेडही ड्रमवरच असतात. अशा मशीनवर हाय-फाय बंद करून साध्या आवाजावर टाका आणि मग तपासा.

घाण येते कुठून

कॅसेटमधून. ही गोष्ट मला तिसरं मशीन जाईपर्यंत कळली नव्हती.

कॅसेट उजेडाकडे धरा आणि तिच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे नीट बघा. चांगली टेप कशी काळी, गुळगुळीत, चकचकीत दिसते. आमच्या एकतीसपैकी अकरा कॅसेटींत त्या काळ्या गुंडाळीच्या कडेवर पांढरट, कोळ्याच्या जाळीसारखं काहीतरी पसरलं होतं. काहींत नुसते ठिपके, एकीत तर पीठ सांडल्यासारखा थर. मी इतकी वर्षं त्याला धूळ समजत होते. ती बुरशी आहे. टेप धावली की ती सुटते, ड्रमवर जाऊन बसते, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. म्हणजे एका आजारी कॅसेटने मशीन बिघडतं आणि बिघडलेलं मशीन मग चांगल्या कॅसेटींनाही बाधतं.

गोव्यात हे होणारच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंती घाम गाळतात. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर, कोल्हापुरी चपलांवर, जुन्या फोटोंच्या अल्बमवर जी हिरवी-पांढरी लव चढते तीच टेपवरही चढते. आमच्या कॅसेटी चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात होत्या, आणि त्या भिंतीवर पश्चिमेचा पाऊस सरळ आपटतो. गंमत अशी नाही, दुःखाची गोष्ट अशी की ज्या कॅसेटी कुणी जपून ठेवल्या नव्हत्या, टीव्हीच्या खाली उघड्या पडल्या होत्या, त्या बऱ्या निघाल्या. कपाटात कोंडलेल्या गेल्या.

यावर घरोघरी जे उपाय सांगतात त्यातले दोन करू नका. कडक उन्हात कॅसेट वाळवू नका. प्लास्टिक वाकतं आणि टेप ताणली जाते. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू नका. तांदळाचं पीठ आत जातं. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कॅसेटी त्यात दोन-तीन आठवडे ठेवा. रंग बदलणारं जेल मिळालं तर उत्तम, ओलं झालं की दिसतं आणि कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. ती कढई मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. वाळल्यावर बुरशी कोरडी, भुरभुरीत होते आणि पुसून काढता येते. ओली असताना पुसली तर ती चोपडली जाते.

पुसायचं काम अंगणात किंवा गच्चीवर करा, घरात नको, आणि नाकातोंडाला मास्क लावा. कॅसेटच्या पाठीला पाच स्क्रू असतात. ते काढून वरचा अर्धा भाग अलगद उचला, आतल्या गोष्टी कुठे कशा होत्या त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि रिळाच्या कडा मऊ कोरड्या कापडाने बाहेरच्या दिशेने पुसा. मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळायची, जाता जाता कापडाच्या दोन घड्यांमधून. हे गुंडाळणं कशावर करायचं? हाच माझ्या सगळ्या अनुभवाचा मुख्य मुद्दा आहे.

एक नको, दोन घ्या

एक मशीन चांगलं घ्या, आणि एक भंगारातलं. भंगारवाल्याकडे किंवा दुरुस्तीच्या दुकानात मागच्या फळीवर असं मशीन हमखास असतं ज्याचे हेड झिजलेत, चित्र येत नाही, पण कॅसेट आत घेतं आणि पुढेमागे फिरवतं. ते जवळजवळ फुकट मिळतं. बुरशीच्या कॅसेटी फक्त त्यावरच फिरवायच्या. तिथे हेड घाण झाले तर काही बिघडत नाही, ते आधीच गेलेले आहेत. व्हिडिओ लायब्ररीत असायचं तसं नुसतं टेप मागे फिरवणारं रिवाइंडर मिळालं तर आणखी छान. पूर्ण वाळलेली, पुसलेली, दोनदा फिरवलेली कॅसेटच चांगल्या मशीनमध्ये जाईल, हा घरातला नियम करा आणि मुलांनाही सांगा. माझं चौथं मशीन या नियमामुळेच दोन पावसाळे टिकलं.

कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी एक गोष्ट करून टाका. कॅसेटच्या पाठच्या कडेला एक बारीक प्लास्टिकचा तुकडा असतो, तो मोडून काढा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जाणार नाही.

चांगलं मशीन कसं ओळखायचं

नवीन मिळण्याची आशा सोडून द्या. जेव्हीसीने १९७६ मध्ये जपानात व्हीएचएस आणलं, आणि त्याच कंपनीने २००८ मध्ये स्वतंत्र व्हीसीआर बनवणं थांबवलं. शेवटपर्यंत तग धरून राहिली ती फुनाई. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. त्यामुळे आज तुमच्या हातात जे पडेल ते निदान दहा वर्षांचं, बहुधा पंचवीस-तीस वर्षांचं असणार. "खोक्यातलं नवीन आहे" असं सांगणाऱ्याकडूनही चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. न वापरता वीस वर्षं पडलेल्या मशीनमधलं रबर आणि वंगण वापरलेल्याइतकंच, कधी जास्तच, खराब झालेलं असतं.

आधी तुमच्या कॅसेटी कसल्या आहेत ते बघा, मग मशीन ठरवा. लोक उलट करतात.

जत्रेची नाटकं रात्री अकराला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायची. ई-१८० कॅसेटवर नेहमीच्या वेगात तीनच तास मावतात. म्हणून कॉपी करून देणाऱ्यांनी बऱ्याच वेळा ती एलपीवर, म्हणजे निम्म्या वेगात, सहा तास मावतील अशी काढली. आमच्या नाटकांच्या चौदा कॅसेटी अशा निघाल्या. एलपी न कळणाऱ्या साध्या मशीनवर त्यांचं चित्र आणि आवाज धड येतच नाही, आणि माणूस कॅसेट खराब समजून टाकून देतो. तुमच्याकडे गावच्या नाटकांची रेकॉर्डिंग असतील तर एसपी (नेहमीचा वेग) आणि एलपी दोन्ही चालवणारं, चार हेडचं मशीन बघा. नुसती लग्नं आणि बारशी असतील तर दोन हेडचं पुरतं.

दुसरी गोष्ट आखातातली. आपल्याकडे किती घरांत पहिला व्हीसीआर दुबई, कुवेत किंवा मस्कतहून आला हे सांगायला नको. तिथली पद्धत पाल, आपलीही पाल, म्हणून अडचण येत नाही. पण सौदी अरेबियात तेव्हा सेकाम ही वेगळी पद्धत होती. तिथल्या टीव्हीवरून भरलेली कॅसेट नुसत्या पाल मशीनवर लावली तर आवाज ठीक आणि चित्र कृष्णधवल येतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते. ती नुसत्या पाल मशीनवर जडावलेल्या संथ आवाजात आणि फिरत्या चित्रात दिसते. अशा कॅसेटी असतील तर मल्टिसिस्टम, म्हणजे या वेगवेगळ्या पद्धती चालवणारं, मशीन शोधा. आखातातून आलेली मशीनं बऱ्याचदा मल्टिसिस्टम असतात, आणि गोव्यात ती मिळण्याची शक्यता इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. मागच्या बाजूला किंवा समोरच्या पट्टीवर पाल, सेकाम, एनटीएससी अशी अक्षरं छापलेली असतात.

आणि छोट्या कॅसेटी. व्हीएचएस-सी नावाची छोटी कॅसेट मोठ्या आकाराच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून व्हीसीआरवर चालते. पण ८ मिलिमीटरची, म्हणजे व्हिडिओ-८ किंवा हाय-८ ची कॅसेट चालत नाही, तिच्यासाठी तसा अ‍ॅडॅप्टरच नाही. तिला त्याच प्रकारचा कॅमेरा लागतो. या दोन्हींत गल्लत करून एका ओळखीच्या काकींनी मशीन घेतलं आणि हिरमुसल्या.

रेकॉर्डिंगची गरज जवळजवळ कुणालाच नाही. म्हणून नुसतं चालवणारा प्लेअर, ज्याला तेव्हा आपण व्हीसीपी म्हणायचो, तोही चालेल आणि स्वस्त पडेल. फक्त तो एलपी चालवतो का ते आधी विचारा, पुष्कळसे चालवत नाहीत.

कुणाकडून घ्यावं याबद्दल माझं स्पष्ट मत असं: लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून आणि बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीतून घेऊ नका. मशीन चांगल्या कंपनीचं, महागडं असेल, पण ते वर्षानुवर्षं दिवसरात्र कॉपी करत राहिलेलं असतं आणि हेड झिजलेले असतात. त्यापेक्षा घरगुती मशीन, ज्यावर आजी रविवारी एक सिनेमा बघायची, ते बरं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या वस्तू मांडलेल्या असतात, तिथेही कधी दिसतं. पण तिथे वीज आणि टीव्ही नसतो, म्हणून चालवून दाखवता येणार नसेल तर फक्त भंगाराच्या भावात घ्या.

बघायला जाताना

बरोबर एक स्वच्छ, पण गेली तरी चालेल अशी कॅसेट न्या. ती दुसऱ्या मशीनवर भरलेली असली पाहिजे. त्याच मशीनवर भरलेली कॅसेट त्यावर नेहमी बरी दिसते, गाइड हललेले असले तरीही. बाबांच्या नाटकाची कॅसेट चाचणीला मुळीच नेऊ नका.

कॅसेट तीनदा आत घाला, तीनदा बाहेर काढा आणि आवाज ऐका. एका लयीत खटक-घर्र-खटक असा आवाज यायला हवा. मध्येच अडखळला, दात सुटल्यासारखा कर्रकर्र झाला तर आतलं प्लास्टिकचं चाक फुटलेलं असू शकतं. मग वीस मिनिटं चालू ठेवा. पाच मिनिटांत निर्णय घेऊ नका, गरम झाल्यावरच बरेच दोष दिसतात. शेवटपर्यंत पुढे पळवा, पूर्ण मागे आणा, टोकाला आल्यावर आपणहून थांबतं का बघा.

यानंतरची परीक्षा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि विकणाऱ्यालाही ती बहुधा माहीत नसते. कॅसेट बाहेर काढून बाजूचं बारीक बटण दाबा, पुढचं झाकण वर उचला आणि नुकत्याच चाललेल्या टेपची कड बघा. कड सरळ, चाकूने कापल्यासारखी असायला हवी. तिला परकराच्या झालरीसारख्या बारीक चुण्या पडल्या असतील तर ते मशीन टेप खातं. कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. हे बहुतेक करून रबरी रोलरमुळे होतं. वरचं झाकण उघडून दाखवायची तयारी असेल तर रोलर बघा: चांगला रोलर मऊ, काळा, मॅट दिसतो. खराब झालेला आरशासारखा चमकतो, नखाला टणक लागतो, कधी त्याला भेगाही असतात. झाकण उघडायच्या आधी प्लग काढायला विसरू नका, आणि वीजपुरवठ्याच्या बाजूला हात घालू नका. प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल इतकी वीज काही काळ राहते.

चित्र बघायला शक्यतो जुना डबा-टीव्ही असावा. नव्या एलईडी टीव्हीला जुन्या टेपचं डळमळीत चित्र सहन होत नाही, तो सरळ निळा पडदा दाखवतो आणि आपण मशीन मेलं समजतो. तुमच्या टीव्हीला पिवळं-पांढरं-लाल अशी भोकं नसतील तर व्हीसीआरची अँटेनाची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घालून चॅनेल शोधा. बऱ्याच मशीनवर ते यूएचएफच्या ३६व्या चॅनेलच्या आसपास सापडतं.

हेड चोंदलेच तर

बाजारात मिळणाऱ्या कोरड्या हेड-क्लीनर कॅसेटा सारख्या वापरू नका. त्या खरखरीत असतात, घाणीबरोबर हेडही घासला जातो. मला मेकॅनिककाकांनी दाखवलेली रीत अशी. मशीनचा प्लग काढा. साध्या पांढऱ्या कागदाची किंवा चामॉय कातड्याची छोटी पट्टी घ्या आणि ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते मिळतं. पट्टी ड्रमच्या बाजूला हलकेच टेकवून एका जागी धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग हळूहळू फिरवा. पट्टी हलवायची नाही, ड्रम हलवायचा. वरखाली तर कधीच घासू नका. हेडचं टोक इतकं नाजूक असतं की आडवा दाब त्याला सहन होतो, उभा नाही. कापसाच्या काड्याही नकोत, त्यांचे तंतू फटीत अडकतात. पट्टीवर तपकिरी डाग उमटतील. डाग यायचे थांबेपर्यंत पट्ट्या बदलत राहा. मग अर्धा तास झाकण उघडं ठेवून सुकू द्या.

मी तिन्ही जुन्या मशीनवर हे करून पाहिलं. दोन पूर्ववत चालू लागली. म्हणजे चार वर्षांपूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं तर म्हापशाच्या त्या दुकानदाराला मी उगाच बोलले नसते. गेल्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन त्यांची माफी मागून आले.

पावसाळ्यात

काही मशीनवर पावसाळ्यात काहीच चालत नाही, नुसता "ड्यू" असा शब्द येतो किंवा दिवा लुकलुकतो. हा बिघाड नाही. ड्रमजवळ ओलावा ओळखणारा सेन्सर असतो आणि दव जमलंय असं त्याला वाटलं की तो मशीन अडवतो, नाहीतर ओल्या ड्रमला टेप चिकटून फाटेल. कॅसेट न घालता मशीन तास-दोन तास नुसतं चालू ठेवा, आतल्या उबेने ते सुकतं. हेअर ड्रायर मारू नका. एसीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या थंड मशीनलाही हे होतं, जसं थंड चष्म्यावर वाफ धरते.

मात्र मृगाच्या आगेमागे विजा कडाडतात तेव्हा प्लग आणि अँटेनाची वायर दोन्ही काढून ठेवा. आमच्या वाड्यावर एका गडगडाटात तीन टीव्ही गेले होते. जुन्या मशीनचा वीजपुरवठा तर आधीच थकलेला असतो. डिस्प्ले मंद होणं, टिकटिक आवाज येणं, थंड असताना चालू न होणं ही त्यातले कपॅसिटर सुकल्याची लक्षणं. ते बदलणं कुठल्याही अनुभवी मेकॅनिकला जमतं, तेव्हा एवढ्यासाठी दुसरं मशीन शोधत बसू नका.

मी आता जूनपासून चतुर्थीपर्यंत कॅसेटींना हातच लावत नाही. डबा बंद, आत जेल, डबा आतल्या भिंतीकडे, जमिनीपासून वर. कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवते, टेप पूर्ण एका बाजूला गुंडाळलेली. काम सुरू होतं दसऱ्यानंतर, हवा कोरडी होते तेव्हा, आणि शिमग्यापर्यंत उरकायचं.

संगणकावर उतरवताना एकच चूक वारंवार होते, तेवढी सांगते. यूएसबीवर लावायच्या छोट्या कॅप्चर यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा एनटीएससी निवडलेलं असतं. ते बदलून पाल करा, ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चित्रं. नाही केलं तर चित्र रंगहीन किंवा अडखळत येतं आणि पुन्हा बिचाऱ्या व्हीसीआरला शिव्या बसतात. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. शेजारी बसून राहा. मुंग्या दिसू लागल्या त्या क्षणी थांबवा, पुढे रेटू नका.

एकतीसपैकी चोवीस झाल्या. सात अजून डब्यात आहेत, त्यातल्या दोन अशा आहेत की भंगारातल्या मशीनवर चार-चार वेळा फिरवूनही कापड पांढरं होतं. त्या या दसऱ्यानंतर पुन्हा घेणार. मागच्या जानेवारीत ती पीठ सांडल्यासारखी दिसणारी कॅसेट उतरली. पहिली दहा मिनिटं नुसती मुंग्या, आवाज स्पष्ट. मी थांबवलं, पट्टी भिजवली, ड्रम पुसला, पुन्हा लावली. असं पाच वेळा केलं. सहाव्यांदा पडदा उघडला आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात बाबा उभे होते, चाळीस वर्षांचे, डोक्याला मंदिल, हातात पुठ्ठ्याची तलवार. बाबांना हल्ली अंधुकच दिसतं. ते खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी पुढे येऊन बसले आणि म्हणाले, "तो मंदिल तुझ्या आईच्या शालूचा केला होता."